एकमेव पुरवठादार

स्थगितीचा आदेश आला तेव्हा उर्मिला मेस्त्री यीस्टच्या टाकीच्या झाकणाशी नाक नेऊन वास घेत होती. टाकीला सेन्सर होते, पडद्यावर आकडे सरकत होते, पण सकाळी एकदा स्वतः वास घेतल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. आंबोळीच्या पिठासारखा वास आला की टाकी ठीक. तेवढ्यात तिचा भागीदार आंतोन फर्नांडिस लोखंडी जिना चढून वर आला आणि त्याने फोन तिच्यापुढे धरला.

"वाच. आमची ऑर्डर थांबवल्यानी."

उर्मिलाने वाचलं. राज्य खरेदी लवादाचा आदेश होता. सिंधुदुर्गातल्या सर्व आरोग्य केंद्रांना 'उतारा' पुरवण्याचं जे काम तिच्या कंपनीला निविदा न काढता दिलं होतं, त्याला 'त्रिशिख बायोलॉजिक्स' या मोठ्या कंपनीने आव्हान दिलं होतं. निकाल लागेपर्यंत पुरवठा बंद. आणि ज्यांनी ते काम तिला दिलं, त्या आरोग्य उपसंचालक डॉ. शबाना मुकादम यांची चौकशी होईपर्यंत त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं होतं.

"मॅडमना कित्या?" उर्मिला एवढंच म्हणाली.

"सही त्यांची ना! सरकारात सही करणारोच पयलो पडता."

उतारा म्हणजे सर्पदंशावरचं औषध. शंभरेक वर्षं हे औषध घोड्यांच्या रक्तापासून बनत आलं होतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं काढायची आणि माणसाला द्यायची. लाखो जीव त्याने वाचवले. पण त्यात दोन अडचणी होत्या. ते थंड ठेवावं लागे, आणि घोड्याचं रक्त काहींना सोसत नसे. तिसरी अडचण पुढे लक्षात आली. एकाच जातीच्या सापाचं विष सगळीकडे सारखं नसतं. दूरच्या प्रांतातल्या सापांच्या विषावर केलेलं औषध कोकणच्या कातळावरल्या फुरसं नावाच्या सापापुढे तोकडं पडे. बाटल्यांमागून बाटल्या चढवाव्या लागत.

मग संगणकाला प्रथिनांचे आकार रचता येऊ लागले. विषातलं घातक प्रथिन कसं आहे, त्याचा दात कुठे आहे, हे कळलं की त्या दातावर नेमकं बसणारं एक चिमुकलं प्रथिन संगणक रचून देई. ते यीस्टकडून बनवून घ्यायचं, वाळवायचं, पेनाएवढ्या सुईत भरायचं. फ्रीज नको, सलाईन नको. गावच्या उपकेंद्रातली नर्स ते मांडीत टोचू शके. उर्मिला सुताराच्या घरातली. शाळेतल्या मुलांना समजावताना ती म्हणे, "खोबण बघून त्यात बसणारं कुसू तासायचं. खोबण कशी आहे हेच माहीत नसेल, तर कितीही चांगला रंधा घ्या, चौकट बसणार नाही."

ती खोबण शोधायला तिची उमेदीची वर्षं गेली होती. वनखात्याच्या परवानगीने, घराघरांतून पकडलेल्या सापांचं विष काढून त्यांना परत रानात सोडायचं, आणि प्रत्येक सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, सापांचं विष तपासून त्याचा नकाशा करायचा. आंतोनने त्यासाठी वाळवणीचं यंत्र बांधलं. पूर्वी तो काजूगराच्या कारखान्यांना यंत्रं बांधून देत असे. कुडाळच्या एमआयडीसीत एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात दोघांनी टाक्या बसवल्या.

पण औषध तयार होऊनही घेणार कोण? निविदेत उतरायचं तर इतक्या वर्षांचा अनुभव हवा, इतकी मोठी उलाढाल हवी. छोट्या कंपनीला दारातूनच परत पाठवायची सगळी सोय. नियमांत एक कलम मात्र होतं. वस्तू जीवरक्षक असेल आणि ती बनवणारा राज्यात एकच लघुउद्योग असेल, तर अधिकारी निविदेविना थेट काम देऊ शकतो. हे कलम सगळ्यांना पाठ होतं, पण वापरत कोणी नसे. कोण आपली नोकरी पणाला लावणार?

डॉ. मुकादमांनी लावली. सगळे तपासणी अहवाल दोनदा वाचून त्यांनी सही केली होती. त्या वेळी उर्मिलाला त्यांचे आभार कसे मानावेत हे सुचलं नव्हतं. "मॅडम, मी तुम्हाला..." इतकं म्हणून ती अडखळली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "माझे काय आभार? मी देवगडला असताना फुरसं चावलेली एक बाई माझ्या गाडीत, माझ्या डोळ्यांदेखत गेली. ओरोसचं जिल्हा रुग्णालयही गाठता आलं नाही. औषध बनवलंस, मीच तुझी आभारी आहे. जा, कामाला लाग."

त्यानंतरचा पहिलाच हंगाम असा गेला, की फुरसं चावून जिल्ह्यात एकही माणूस दगावला नाही.

*

स्थगिती आली ती नेमकी भातकापणीच्या तोंडावर. पेंढ्या उचलताना, गवत कापताना माणसं फुरशावर हात ठेवतात, तो हा काळ. केंद्रांतला साठा संपत आला. उर्मिलाने वकिलांना विचारलं, फुकट वाटलं तर? वकील म्हणाले, तेही नको, लवादावर दबाव आणल्याचा आरोप होईल.

दिवाळीआधी मसुऱ्याकडच्या सुगंधा परब नावाच्या बाईला गवत कापताना फुरसं चावलं. उपकेंद्रात उताऱ्याचं पेन नव्हतं. जुन्या औषधाच्या बाटल्या जिल्हा रुग्णालयात होत्या. त्या पुरल्या नाहीत, आणि तिथून तिला गोव्याला हलवावं लागलं. बाई जगली, पण तिची मूत्रपिंडं अधू झाली. बातमी ऐकून उर्मिला वाळवणीच्या खोलीत जाऊन बसली. बाहेर गोदामात पेनांचे खोके छतापर्यंत रचलेले होते.

दुसऱ्या दिवशी ती सावंतवाडीला डॉ. मुकादमांकडे गेली. बाई मागच्या पडवीत सुपात सुकटं निवडत होत्या. रजेवर गेल्यापासून फोन वाजत नाही, म्हणून घर फार मोठं वाटतंय, असं म्हणत त्यांनी चहा आणि नानकटाई पुढे ठेवली.

"माझ्यामुळे तुमच्यावर ही वेळ आली," उर्मिला म्हणाली.

"तुझ्यामुळे नाही, माझ्या सहीमुळे. आणि ती सही मी पुन्हा करीन." बाईंनी सूप खाली ठेवलं. "पण एक सांग. त्या दिवशी हे औषध बनवणारी तू एकटीच होतीस. आज आहेस?"

लवादाने दोन्ही कंपन्यांना एकमेकींच्या औषधाचे नमुने द्यायला लावले होते. त्रिशिखच्या पेनांचं पाकीट तिच्या प्रयोगशाळेत येऊन पडलं होतं. तिने ते अजून उघडलं नव्हतं.

"मी तपासलं नाही," ती म्हणाली.

"भीती वाटते?"

"हो."

"वाटणारच. पण ऐक, मला वाचवण्यासाठी काही लपवू नकोस. माझी सही खरी होती म्हणून मी निवांत झोपते. ती खोट्याच्या टेकूवर उभी राहिली तर माझी झोप जाईल."

परतीच्या वाटेवर गाडी चालवताना उर्मिलाला रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं. इतकी सरळ माणसं आपल्या वाट्याला आली, याचंच तिला भरून आलं होतं.

*

पाकीट उघडून तिने चाचणी लावली. चाचणी साधी होती. माणसाच्या रक्तातला द्रव काचेच्या नळ्यांत घ्यायचा, त्यात फुरशाचं विष घालायचं, मग औषध घालायचं आणि तो नीट गोठतो का ते पाहायचं. विष जिंकलं तर गोठणं बिघडतं, औषध जिंकलं तर निरोगी माणसाच्या रक्तासारखी गाठ धरते.

देवगडच्या सड्यावरच्या विषात त्रिशिखच्या औषधाने गाठ धरली. मालवणच्या विषातही धरली, अगदी तिच्या औषधाइतकी सुरेख. वेंगुर्ल्याकडच्या फुरशांच्या विषापुढे मात्र ते मंद पडलं. आणि आंबोलीच्या रानातल्या चापड्यावर, म्हणजे नाकाचं टोक वर उचललेल्या त्या तपकिरी सापावर, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. चापड्यावर देशात दुसरं औषधच नव्हतं. उर्मिलाच्या उताऱ्याचा दुसरा प्रकार तेवढा होता, पण त्याची मागणी फार थोडी.

याच सुमारास लवादाचा हुकूम आला. दोन्ही औषधांची तुलना मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेत होईल, आणि संग्रह फक्त मेस्त्रीबाईंकडे असल्याने 'प्रातिनिधिक' विषं त्यांनीच पाठवावीत.

आंतोनने तो शब्द दोनदा वाचला आणि त्याचा चेहरा उजळला.

"प्रातिनिधिक! म्हणजे कोणती, तां आपण ठरवूचा. वेंगुर्ल्याची पाठव, चापड्याची पाठव. खोटा काय्येक नाय त्यात. विष खरा, साप खरे."

"आणि देवगड-मालवणची?"

"ती मागितल्यानी खय? उर्मिला, माझा ऐक. ते हत्ती आसत. ह्या काम गेला तर त्यांका खरचटणार पण नाय. आमचो कारखानो बंद पडात. हय कामाक येणाऱ्या बायांका तू काय सांगतलस?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. या माणसाने आपलं घर गहाण ठेवून यंत्र बांधलं होतं. एकदा टाकी बिघडली तेव्हा ताप अंगावर काढून तो आत उतरला होता. त्याच्या तोंडावर नाही म्हणणं उर्मिलाला जड गेलं.

"आंतोन, सुगंधा परब खयची?"

"मसुऱ्याची."

"म्हणजे मालवणची. तिच्या उपकेंद्रात आपला पेन नव्हता. त्रिशिखचा असता तर तिची किडनी वाचली असती. ह्या आता माका कळलां. कळल्यावर न कळल्यासारखा कसा करू?"

आंतोनने टेबलावरची किल्ली उचलली. "तुझा मन मोठा गो," तो म्हणाला. आवाजात कौतुक नव्हतं. "माझा तेवढा नाय." आणि तो निघून गेला.

उर्मिलाने संग्रहातल्या प्रत्येक सड्याचं, प्रत्येक रानाचं विष पाठवलं.

*

सुनावणी मुंबईत, लवादाच्या दालनात झाली. निवृत्त न्यायमूर्ती दमयंती सरंजामे अध्यक्षस्थानी होत्या. बोललेला प्रत्येक शब्द समोरच्या पडद्यावर आपोआप उमटत होता, त्यामुळे सगळेच जपून बोलत होते.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचला गेला. उर्मिलाला तिच्या नळ्यांत दिसलं होतं तेच त्यात होतं. त्रिशिखच्या वकिलांनी विजयाच्या थाटात तो मिटला. "म्हणजे एकमेव पुरवठादार हा दावा निखालस खोटा आहे, आणि त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा हेतूही तपासायला हवा."

न्यायमूर्तींनी उर्मिलाकडे पाहिलं. "तुमच्याकडे त्यांचे नमुने होते. असा निकाल येईल हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो, मॅडम."

"तरीही मालवण-देवगडची विषं पाठवलीत? आमच्या आदेशात पळवाट होती. ती तुमच्या लक्षात आली नाही?"

"आली."

दालनात थोडी चुळबुळ झाली. उर्मिला उठून उभी राहिली.

"मॅडम, ज्या दिवशी आम्हाला काम मिळालं त्या दिवशी हे औषध बनवणारं दुसरं कोणी नव्हतं. आज आहे. मला त्याचं वाईट वाटतं, कारण माझ्याकडे कामाला येणारी माणसं आहेत. आणि बरंही वाटतं, कारण आमच्या टाक्या लहान आहेत. जिल्ह्यातल्या प्रत्येक उपकेंद्राला पुरेल इतकं औषध आम्ही कधीच बनवू शकलो नसतो. फक्त डॉ. मुकादमांनी त्या दिवशी जे पाहिलं ते खरं होतं, एवढी नोंद व्हावी. बाकी काही मागणं नाही."

वकील पुढच्या मुद्द्याकडे वळणार, इतक्यात त्यांच्या शेजारी बसलेले त्रिशिखचे मुख्य शास्त्रज्ञ डॉ. इंद्रजित सोमण उठले. मध्यमवयीन, किडकिडीत गृहस्थ. वकिलांनी त्यांची बाही ओढली. त्यांनी ती हलकेच सोडवली.

"मला नोंदीवर एक सांगायचं आहे. आमचं औषध आम्ही रचलं ते मेस्त्रीबाईंच्या विष-नकाशावरून. तो त्यांनी आरोग्य खात्यामार्फत सर्वांसाठी खुला केला होता, कायद्याने आम्हाला तो वापरता येतो. पण तो नसता तर आम्ही सुरुवातच केली नसती. आमच्या अर्जात त्याचा उल्लेख नाही. तो असायला हवा होता."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. पडद्यावर शब्द उमटत राहिले.

निकाल त्याच आठवड्यात आला, आणि न्यायमूर्तींनी तो स्वतः वाचून दाखवला. "एकमेव पुरवठादार ही कोणाला कायमची बहाल केलेली पदवी नव्हे," त्यांनी म्हटलं. "ती त्या दिवसाची परिस्थिती असते." डॉ. मुकादमांची सही त्या दिवशी योग्य होती, उलट ती न करणं कर्तव्यात कसूर ठरलं असतं, म्हणून चौकशी बंद. चापड्याच्या औषधाचं थेट काम उर्मिलाकडेच राहील. फुरशाच्या औषधासाठी यापुढे निविदा निघेल, आणि छोट्या उद्योगाला उलाढालीची अट लागू असणार नाही. तोवर स्थगिती उठवून दोघांनीही लगेच पुरवठा सुरू करावा.

बाहेर व्हरांड्यात सोमण उर्मिलाजवळ आले.

"वेंगुर्ल्याच्या विषावर आमचं औषध मंद पडतं," ते म्हणाले. "का, ते सापडत नाहीये."

"एका प्रथिनाचा दात तिथे जरा वाकडा आहे," उर्मिला म्हणाली. "मी पाठवते त्याची रचना."

"आमची कंपनी याचे पैसे..."

"ते नंतर बघू. आज तुम्ही उठून उभे राहिलात, माझ्यासाठी ते पुष्कळ झालं."

*

पुढचं वर्ष सोपं नव्हतं. मोठ्या कंपनीचा भाव कमी, पोच जास्त. फुरशाच्या औषधाची निम्म्याहून अधिक मागणी तिकडे गेली. उर्मिलाने कोणालाही काढलं नाही, पण कामाची एक पाळी बंद करावी लागली. डॉ. मुकादम कामावर रुजू झाल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी चापड्याच्या औषधाची मागणी आंबोलीपासून तिलारीपर्यंतच्या रानाकाठच्या केंद्रांसाठी वाढवली. त्यामुळे दुसरी टाकी चालू राहिली.

आंतोन येत होता, काम करत होता, पण दोघांमधली पूर्वीची थट्टामस्करी गेली होती. हात रिकामे राहू लागल्यावर तो बाहेरची कामं घेऊ लागला. कुठे काजूचं यंत्र, कुठे आंबापोळीचं. उर्मिला त्याला काही म्हणत नसे. त्याने कारखाना सोडला नाही, हेच तिला खूप वाटे.

वर्षभराने, मार्च महिन्यात तो देवगडकडच्या मिठबावला एका आंबा बागायतदाराकडे वाळवणीचं यंत्र दुरुस्त करायला गेला होता. यंत्राखाली टेकू द्यायला त्याने गडग्यातला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीतला, चिरा काढला, आणि चिऱ्यामागे फुरसं होतं.

उर्मिलाला फोन आला तो बागायतदाराचा. ती गाडी काढून निघाली. सगळा रस्ता तिच्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या येत होत्या. पोहोचली तेव्हा आंतोन उपकेंद्रातल्या खाटेवर उशीला टेकून बसला होता. हात सुजलेला, चेहरा उतरलेला, पण शुद्धीवर. नर्सने नळीत घेतलेलं त्याचं रक्त खिडकीतल्या उजेडात धरून दाखवलं. घट्ट गाठ धरली होती.

"चावल्यावर लगेच आणलं ह्यांना," नर्स म्हणाली. "पेन होतंच. आता प्रत्येक उपकेंद्रात असतं. तालुक्याला न्यायची घाई नाही, पण रुग्णवाहिका बोलावली आहे, एक दिवस देखरेखीखाली ठेवू."

उर्मिला स्टुलावर बसली. टेबलावर वापरलेलं पेन पडलं होतं. त्यावर त्रिशिखचं चिन्ह होतं.

आंतोनचंही लक्ष तिकडेच होतं.

"बघलंस?" तो म्हणाला. "त्येंचा."

"बघलंय."

"आपला हयपर्यंत येतच नव्हता. माका म्हायत आसा, गाडी मीच भरी." मग चांगला हात त्याने डोळ्यांवर ठेवला. "तू ती विषां पाठवलंस नसतस तर... माझ्या पोरांका कोण होता गो?"

"आता बोलू नको. पड."

"नाय, बोलूक व्हया. वर्षभर तुझ्याशी धड बोलूक नाय मी. तो नंबर आसा तुझ्याकडे? त्या सोमणांचो?"

"आता?"

"आताच. उद्या माका लाज वाटात."

उर्मिलाने फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. सोमण कारखान्यातच होते.

"सायबानू," आंतोनने सुरुवात केली, मग घसा खाकरून शुद्ध मराठीवर आला. "मी आंतोन फर्नांडिस. कुडाळहून. मेस्त्रीबाईंचा भागीदार. मला आज फुरसं चावलं. तुमचं पेन दिलं मला." त्याने उर्मिलाकडे पाहिलं. तिने मान हलवली, तूच बोल. "मी जिवंत आहे, एवढंच सांगायला फोन केला."

मग सोमणांचा आवाज आला. "फर्नांडिस, एक मिनिट थांबाल? मी मशीन बंद करायला सांगतो. इथे भरणीवर पंधरा-वीस बायका आहेत. ही पेनं त्यांच्या हातची. त्यांना कधी कोणी असं सांगितलेलं नाही. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवतो, तुम्ही परत एकदा बोला."

घरघर हळूहळू थांबली. आंतोन उशीवरून सरळ होऊन बसला, सदऱ्याचं वरचं बटण त्याने डाव्या हाताने लावलं, आणि बोलू लागला.